जून झाल्यावर

सुरत,
३ नोव्हेंबर २०२३

चि. चंदूस आशीर्वाद.

दिवाळीची ख्यालीखुशाली दिवाळीला लिहीन. हे पत्र कामाचं आहे, तेव्हा चष्मा लावून, बसून वाच.

फोन करू नकोस. माझ्या कानातल्या यंत्रातून फोनवर फक्त शिट्टी ऐकू येते, आणि तुझ्या दोडामार्गातल्या त्या वाडीत रेंज आंब्याच्या झाडावर चढल्याशिवाय मिळत नाही, असं तूच सांगितलं होतंस. तुझ्या वयाला ते शोभणार नाही. शिवाय फोनवर तू हो हो म्हणतोस आणि विसरतोस. कागद विसरत नाही.

प्रश्न एकच आहे. बारडोलीच्या जमिनीतला वेत कधी तोडायचा?

सगळं तुला माहीत आहे, तरी एकदा सलग लिहिते, म्हणजे उत्तर देताना पळवाट नको. कालव्याच्या पाझराने आमच्या दीड एकरात ऊस कुजला, तेव्हा गावाने जमीन मेली म्हणून सांगितलं. यांनीही ते मनावर घेतलं आणि शेवटची दोन वर्षं त्या जमिनीकडे पाठ करून काढली. ते गेल्यावर तू वनखात्याच्या रोपवाटिकेतली वेताची रोपं खोक्यात बांधून रेल्वेने आणलीस आणि म्हणालास, ताई, याला पाय ओले आणि डोकं सावलीत लागतं, तुझ्याकडे दोन्ही आहे. जांभूळ, करंज आणि तीन जुन्या आंब्यांखाली आपण ती लावली. २०१२ चा ऑगस्ट होता. गावातले लोक बांधावर उभे राहून म्हणाले, ‘टीचरबेन सोटीनी खेती करे छे.’ चौतीस वर्षं शाळेत छडी हातात धरली, आता निवृत्तीनंतर पिकवते आहे. हसले. हसू दिलं.

आता साठेक बेटं आहेत. वेत आकड्यांनी फांद्या धरत जांभळाच्या शेंड्यापर्यंत गेलाय. मागच्या महिन्यात माझ्या पदराला एक आकडा असा लागला, की उखाने कोयत्याने पदर सोडवला. उखा म्हणजे आमचा राखणदार, धरणगावकडचा. बायको छायाला घेऊन शेतावरच्या खोलीत राहतो. पूर्वी कडोदऱ्याला लूमवर होता.

आता खरी गोष्ट. अजिंक्यला ही जमीन नको आहे. पलसाण्याकडच्या एका प्रोसेसवाल्याला, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखानदाराला, तिथे गोदाम बांधायचंय. झाडं काढून, मुरूम भरून. अजिंक्य वाईट नाही. त्याला भीती वाटते, की बहात्तर वर्षांची आई एक दिवस साप किंवा गुडघा यांपैकी कशाने तरी त्या झाडीत पडेल आणि तो बडोद्याच्या बँकेत बसलेला असेल. मी म्हटलं, अकरा वर्षं वाढवलेलं पीक एकदा तरी तोडू दे. शेवटी आमचं ठरलं. या वेताची एक खुर्ची करायची. तिच्यावर तो बसणार. ती मोडली नाही, तर जमिनीचा विषय पुन्हा काढायचा नाही. मोडली किंवा झालीच नाही, तर मी सही करायची. त्याचं वजन चौऱ्याण्णव किलो आहे, हे तो सांगायला विसरला नाही.

मुदत मी मागून घेतली नाही, त्यानेही घातली नाही. पण तो प्रोसेसवाला घाईत आहे.

उखा म्हणतो, आत्ता कवळा शे. गावात एक ठेकेदार आलाय, तो म्हणतो, उद्याच सगळं साफ करून देतो. मी पंचाहत्तर साली धुळ्याहून बी. एस्सी. झाले, वनस्पतीशास्त्र घेऊन, पण आमच्या पुस्तकात वेताला एक परिच्छेद होता आणि त्यात तोडणीबद्दल एक अक्षर नव्हतं. तुझी नोकरी जंगलात गेली. मला तारीख हवी. ‘बघू’, ‘साधारण’, ‘परिस्थितीनुसार’ हे शब्द चालणार नाहीत.

तुझी,
अरुणाताई

•

दोडामार्ग,
२० नोव्हेंबर २०२३

ती. अरुणाताईस शिरसाष्टांग नमस्कार.

चष्मा लावला, बसलो, वाचलं. पुढच्या वेळी उभं राहून वाचायची परवानगी मिळावी.

ताई, तुला तारीख हवी. वेताला तारीख नसते. तो भाताप्रमाणे सगळा एकदम तयार होत नाही. एकाच बेटात आजोबा असतात, नातवंडं असतात आणि काल जन्मलेला कोंबही असतो. तो ठेकेदार उद्या सगळं साफ करतो म्हणाला ना, त्याला बांधावरूनच परत पाठव. तो आजोबांबरोबर नातवंडंही कापील, आणि मग तुझ्याकडे पुढच्या बारा वर्षांसाठी फक्त जमीन उरेल.

कोवळा वेत दिसायला छान असतो. हिरवागार, लवचीक, धरावासा वाटतो. तोडला, की आठ दिवसांत वाळताना सुरकुततो, वाकवला की कडेने फाटतो. त्याची खुर्ची केलीस तर अजिंक्यला चौऱ्याण्णव किलो वजनाची गरजच पडणार नाही, तुझं मांजरसुद्धा पुरेल.

म्हणून माझं सांगणं एवढंच. घाई करू नकोस. जून होऊ दे. त्याआधी कुणी कितीही डोकं खाल्लं तरी कोयता लावू देऊ नकोस. आणि एकदा जून झाला की मग एक दिवस थांबू नकोस. गुडघ्याएवढं बूड ठेवून तोड, शेंड्याकडचा दोन वाव, म्हणजे बारा फूट, कोवळा भाग टाकून दे, कोंबांना धक्का लावू नकोस. ओढून काढताना खाली उभं राहायचं नाही, वरून वाळक्या फांद्या आणि मुंग्या दोन्ही येतात. तोडलेला वेत त्याच आठवड्यात तेलात उकळायचा, मग उभा करून वाळवायचा.

बाकी त्या उखाला विचारत जा. वेत रोज बघणाऱ्याला जे कळतं, ते आपल्या पुस्तकांना कळत नाही.

इथे सगळं ठीक. डोळ्यांसमोर जरा धूर धूर दिसतो, थंडीचं धुकं असेल. अक्षर वाकडं आलंय, गुण कापू नकोस.

तुझा,
चंदू

•

सुरत,
५ डिसेंबर २०२३

चि. चंदूस आशीर्वाद.

पत्र मिळालं. वेताला तारीख नसते असं म्हणतोस आणि त्याच पानावर महिना देतोस. असो. मला महिना पुरे आहे. जून ठरला.

एक दुरुस्ती. ‘जून होऊ दे’ असं मराठीत म्हणत नाहीत. ‘जून येऊ दे’ किंवा ‘जून लागू दे’ म्हणतात. पुढे ‘जून झाला की एक दिवस थांबू नकोस’ असंही लिहिलं आहेस. म्हणजे एक जुलै का? की जून लागल्याबरोबर एक तारखेला? मी एक जून धरते आहे. कोकणात राहून तुझ्या मराठीला ओल लागली आहे. अक्षराचे दोन गुण कापले, भाषेचे तीन.

ठेकेदाराला परत पाठवला. तो म्हणाला, बाई, वेत काय आणि ऊस काय, कापला की झालं. मी त्याला तुझी आजोबा-नातवंडांची उपमा सांगितली. त्याने मोटारसायकलला किक मारली.

एक शंका मनात आहे, ती लिहून ठेवते. जूनमध्ये आमच्याकडे दहा-पंधरा तारखेला पाऊस धरतो. तोडलेला वेत पावसात वाळणार कसा? पण तू नोकरीभर हेच काम केलंस, तेव्हा त्यामागे काहीतरी कारण असणार. मी चार ताडपत्र्यांची व्यवस्था केली आहे आणि पत्र्याची शेड आधीपासून आहे. शिवाय जून मला परका नाही. माझ्या आयुष्यातली चौतीस वर्षं जूनमध्ये सुरू झाली. शाळा उघडायची, नवीन पुस्तकांचा वास यायचा आणि मागच्या बाकावरचे एका दिवसात सरळ व्हायचे. वेतही तेव्हाच हातात घ्यायचा असेल, तर माझी काही तक्रार नाही.

उखाला तुझंच वाक्य जसंच्या तसं सांगितलं, ‘जून होऊ दे’. त्याने लगेच मान डोलवली. म्हणाला, बराबर शे बाई. बघ, चौथी शिकलेल्या माणसाला एका वाक्यात समजलं. त्याने फाटे फोडले नाहीत. तेव्हापासून शेतावर गेले की विचारते, उखा, लक्षात आहे ना? तो म्हणतो, जून होऊ द्या बाई, तवलोंग हात नही लावस. आमचं दोघांचं अगदी एकमत आहे.

धुक्याबद्दल. नोव्हेंबरात दुपारी धुकं नसतं. डोळे दाखव.

तुझी,
अरुणाताई

•

सुरत,
१६ जानेवारी २०२४

चि. चंदूस आशीर्वाद.

सहा आठवडे झाले, उत्तर नाही. तू आळशी आहेस हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण इतका नव्हतास.

अजिंक्य संक्रांतीला येऊन गेला. गच्चीवर पतंग उडवले, उंधियू खाल्लं, आणि जाताना चपला घालता घालता म्हणाला, आई, त्या पार्टीने दुसरी जागाही बघून ठेवली आहे. होळीपर्यंत थांबतो म्हणतात, पुढे नाही. मी म्हटलं, वेत जूनमध्ये तुटणार आहे, तज्ज्ञांचं मत आहे. तो म्हणाला, तज्ज्ञ म्हणजे चंदूमामा ना? होळी म्हणजे होळी, आई. खुर्ची होळीपर्यंत दाखव.

मी त्याच्याशी भांडले नाही. त्याचं चुकत नव्हतं. मुदत नसलेली अट ही अटच नसते, हे मी वर्गात शेकडो वेळा सांगितलं आहे.

होळी चोवीस मार्चला आहे. जून त्यानंतर दहा आठवड्यांनी.

चंदू, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. रोपंसुद्धा तू आपणहून आणलीस. आज विचारते. जूनच्या आधी नाही का चालणार? अगदी मार्चच्या सुरुवातीला? तू नाही म्हणालास तर मी हात लावणार नाही. कोवळा वेत तोडून फाटकी खुर्ची करण्यापेक्षा मी सही करीन. निदान लोकांनी असं म्हणू नये, की टीचरबेनला थांबता आलं नाही.

काल शेतावर गेले होते. छायाने चहा दिला. मी जांभळाखाली उभी राहिले आणि वर पाहिलं. वेताचे शेंडे आंब्यावरून जांभळावर आणि जांभळावरून पुन्हा आंब्यावर गेले आहेत. मेलेल्या जमिनीतून एवढं वर कुणी जात नाही. यांना हे दाखवायला हवं होतं.

उत्तर दे. पोस्टकार्ड चालेल. ‘हो’ किंवा ‘नाही’.

अरुणाताई

•

दोडामार्ग,
८ फेब्रुवारी २०२४

ती. अरुणाआत्यांना नूतनचा नमस्कार.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गोव्याला झालं. मोतीबिंदू नव्हता, डोळ्यामागचा पडदा सुटला होता. तुम्हाला कळवू नका असं त्यांनीच सांगितलं होतं, म्हणून राहिलं. पुन्हा एकदा न्यावं लागलं. आता बरे आहेत, पण अजून महिनाभर वाचायचं नाही. तुमची दोन्ही पत्रं त्यांच्या उशाखाली आहेत. मी वाचून दाखवते म्हटलं तर देत नाहीत. म्हणतात, ताईची बोलणी मी दुसऱ्याच्या तोंडून खाणार नाही. काळजी करू नये.

आपली,
नूतन

•

सुरत,
२० फेब्रुवारी २०२४

चि. चंदूस आशीर्वाद.

हे पत्र नूतनने मोठ्याने वाचावं. बोलणी तुला नाहीत. या खेपेला ती माझी मला आहेत, तेव्हा सुनेसमोर ऐकायला हरकत नाही.

आधी डोळ्याचं. मला न कळवण्याचा शहाणपणा तुझ्याखेरीज कुणाला सुचला नसता. त्याबद्दल समोरासमोर.

परवा रविवारी, अठरा तारखेला, मी शेतावर गेले ती उखाला निरोप द्यायला. होळीनंतर जमीन जाईल, तेव्हा त्याने दुसरीकडे कामाचं बघावं, असं सांगायचं मी बसमध्ये पाठ करत होते. बारडोलीच्या स्टँडवरून रिक्षा केली. उखा बांधावरच उभा होता. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला,

“बाई, बरं झालं आल्या. वेत जून व्हयना.”

नूतन, ‘व्हयना’ म्हणजे त्याच्या बोलीत ‘झाला’. मला वाटलं यंत्र बिघडलं. कानातून काढलं, फुंकलं, परत घातलं. म्हटलं, “काय झालं?”

“जून व्हयना. आते कापनं पडी.”

“उखा, आज अठरा फेब्रुवारी आहे. जून कसा होईल? जूनला अजून साडेतीन महिने आहेत.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मग छायाकडे बघितलं. छायाने पदर तोंडाला लावला. तो अगदी हळू आवाजात, जणू मलाच ऊन लागलंय अशा काळजीने म्हणाला,

“बाई, वेतले कॅलेंडर कोठे ऱ्हास?”

चंदू, मी बांधावर बसले. खाली बसले, ओल्या मातीत, चांगल्या साडीनिशी.

जून. कोवळा आणि जून. जून भेंडी, जून काकडी, जून बांबू. रोज भाजीवाल्याला म्हणते, भाऊ, भेंडी जून देऊ नकोस. चौतीस वर्षं मी मराठी आणि विज्ञान शिकवलं. विरुद्धार्थी शब्दांत ‘कोवळा’ घालून किती पोरांचे गुण कापले असतील. आणि तू सरळ, शुद्ध, बिनचूक मराठीत लिहिलंस, तर मी त्यातही तीन गुण कापले. कारण माझ्या डोक्यात जून म्हणजे शाळा उघडण्याचा महिना, दुसरं काही नाही. तू बरोबर होतास, उखा बरोबर होता, आणि तीन महिने आम्ही दोघं एकमेकांना एकच वाक्य म्हणून माना डोलावत होतो. तो वेताकडे बघून, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून.

मी त्याला विचारलं, “तुला कसं कळलं?”

त्याने हाताला धरून उठवलं आणि बेटाजवळ नेलं. जुन्या वेतांवरची काटेरी खोळ खालून आपोआप वाळून गळली होती, डोक्याच्या वरपर्यंत. आतला दांडा उघडा, गर्द हिरव्यावरून पिवळसर झालेला, तुळतुळीत. त्याने नख दाबलं. उमटलं नाही. शेजारच्या तरुण वेताची खोळ अजून अंगाला घट्ट होती. त्यावरून हात फिरवायला गेले तर काट्याने बोट फोडलं. नोव्हेंबरात सगळेच असे होते, उखा म्हणाला. जून झालेला वेत आपले कपडे आपण उतरवतो, तो सांगत नाही, दाखवतो. हे शेवटचं वाक्य त्याचं नाही, माझं आहे, पण अर्थ त्याचा.

मी म्हटलं, उद्यापासून तोड.

निरोप द्यायचा राहिला.

आज दुसरा दिवस. उखा, त्याचा मेहुणा दत्तू, गावातली आणखी दोन माणसं. प्रत्येक वेतावर आधी मी चुन्याची खूण करते, मगच कोयता. खोळ गळलेली नसेल तर खूण नाही. गुडघ्याएवढं बूड, शेंड्याचे दोन वाव बाहेर, कोंबांना धक्का नाही. सगळं तुझ्या पत्रातलं. पहिला वेत ओढताना चौघांनी जोर लावला, तरी आंब्याने सोडला नाही. पाचव्या हिसक्याला जो आला तो येतच राहिला. मोजला नाही, पण विहिरीपासून फाटकापर्यंत पसरला होता. बांधावर गाव जमलं होतं. सोटीनी खेती म्हणणारेही होते. या वेळी हसले नाहीत. एकाने पुढे होऊन वेत ओढायला हात लावला.

माझी दुरुस्ती मागे घेते. ‘जून होऊ दे’ हेच बरोबर. पाचही गुण परत.

तुझी,
अरुणाताई

•

दोडामार्ग,
२१ फेब्रुवारी २०२४

ती. अरुणाताईस नमस्कार.

हे नूतन लिहिते आहे, मी सांगतो आहे. आज हट्ट सोडला आणि उशाखालची पत्रं वाचून घेतली. पहिलंच ऐकलं आणि खाटेवर उठून बसलो, डॉक्टरांनी मना केलं असताना.

अगं ताई, महिना नव्हे. जून म्हणजे जून. पक्का. निबर. म्हातारा. माझ्यासारखा. जूनमध्ये तोडशील तर सगळा वेत पावसात काळा पडेल आणि आत बुरशी धरेल. आत्ता बघ, या आठवड्यात बघ. खालची खोळ गळली असेल तर लगेच तोड. फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला महिना आहे, मी तुला तेव्हाच लिहायला हवं होतं. पण तू तारीख हवी म्हणालीस म्हणून मुद्दाम दिली नाही. तुला चिडवायला. त्याची शिक्षा मला मिळाली, आणि आता तुझी जमीन जाणार.

हे पत्र पोचायला पाच-सहा दिवस लागतील. नूतनच्या नवऱ्याला आंब्यावर चढवून अजिंक्यला फोन लावायला सांगितला आहे. लागत नाहीये. तो अजून वरच आहे.

ताई, तू वेत तोडला असशील तर बरं, आणि नसशील तर मी येऊन अजिंक्यशी बोलतो. एका डोळ्याने येईन.

चंदू

•

सुरत,
२७ मार्च २०२४

चि. चंदूस आशीर्वाद.

तुझं एकवीस तारखेचं पत्र मला मिळालं तेव्हा तोडलेला वेत शेडच्या भिंतीला उभा राहून वाळत होता. आंब्यावर चढवलेल्या तुझ्या मुलाला उतरवलं असशील असं धरते. एका डोळ्याने कुठेही यायचं नाही. दोन्ही झाले की ये, मग खुर्चीवर बसवीन.

हो. खुर्ची.

सविस्तर लिहिते, कारण तू शेवटचा भाग आधी वाचतोस.

तेलात उकळून, वाळवून बारा मार्चला एक मोळी उधन्याला योगराजकडे नेली. योगराज माझा विद्यार्थी. आता वेताचं फर्निचर करतो, हाताखाली सात माणसं आहेत, माल सगळा आसामवरून येतो. सातवीत असताना दुसऱ्याची भूमिती उतरवली म्हणून त्याच्या तळहातावर माझी छडी बसली होती. त्याने मोळी बघितली, मला बघितलं आणि तळहात पुसला. म्हणाला, “बाई, तुमच्या वेताशी माझी जुनी ओळख आहे. पक्षपात करणार नाही.”

मी म्हटलं, “करूच नकोस. मोडायला हवा तर मोड.”

त्याने सर्वांत जाड वेत निवडला, बत्तीच्या आचेवर फिरवून गरम केला आणि लोखंडी साच्याभोवती वाकवायला घेतला. खुर्चीच्या हाताची गोलाई, जिथे कोवळा वेत हमखास फाटतो ती. कारागीर काम थांबवून बघत होते. वेत वाकला, पूर्ण गोल फिरला आणि साच्यावर बसला. योगराजने पाण्याचं फडकं फिरवलं. वाट पाहिली. मग साच्यातून काढून बाहेरच्या बाजूने बोट फिरवलं, एकदा, दोनदा. सुरकुती नाही, चीर नाही.

तो म्हणाला, “कुठचा माल?”

मी म्हटलं, “बारडोलीचा.”

“बारडोलीत ऊस होतो, बाई.”

“जमीन मेल्यावर वेत होतो.”

त्याने पुढचा वेत आचेवर धरला. दहा दिवसांत खुर्ची केली. एक खिळा दिसत नाही. पाठीला जाळीची वीण, हातांना तो गोल वाक.

होळीच्या दिवशी अजिंक्य आला. मी त्याला थेट शेतावर बोलावलं. खुर्ची जांभळाखाली ठेवली होती. उखा, छाया, दत्तू उभे होते, बांधावर गाव होतं, योगराज स्वतःचा माल बघायला आला होता. अजिंक्य खुर्चीभोवती फिरला. वरून दाबून बघितली. मग बसला, आधी सावरून, नंतर मागे रेलून. वेताने एकदा कुरकुर केली आणि गप्प झाला. छायाने पुरणपोळीचं ताट आणलं. त्याने तिथेच बसून चार पोळ्या खाल्ल्या, म्हणजे चौऱ्याण्णवचे पंचाण्णव झाले असतील. हात धुवायला उठला नाही. उखाने तांब्या जवळ आणून दिला.

शेवटी म्हणाला, “आई, त्या पार्टीला उद्या फोन करतो. त्यांनी दुसरी जागा घ्यावी.” थोड्या वेळाने वर झाडीत बघत म्हणाला, “बाबांना हे आवडलं असतं. पण तू एकटी यायचं नाहीस.” मी कबूल केलं. जिंकलेल्या माणसाने एक अट मान्य करायला हरकत नसते.

जाताना त्याने खुर्ची गाडीत घालायचा प्रयत्न केला. मी ती काढून घेतली. ती शेतावरच राहील. मी गेले की तिच्यावर बसेन आणि उखा सांगेल ते ऐकेन.

तू लिहिलं होतंस, वेत रोज बघणाऱ्याला विचारत जा. तेवढं एक वाक्य मी नीट वाचलं असतं, तर तीन महिने वाचले असते. पण मग बांधावर चिखलात बसायचा योग आला नसता, आणि तोही हवा होता.

एक राहिलं. योगराजने सगळा वेत घेतला आणि फाटकापाशी विचारलं, “बाई, पुढचा माल केव्हा मिळेल?”

मी म्हटलं, “बेटात तरुण वेत आहेत. ते जून झाल्यावर.”

त्याने खिशातून मोबाइल काढला आणि जून महिना उघडला. मी मोबाइल त्याच्या हातातून काढून घेतला, बंद केला आणि त्याला उखापुढे उभं केलं. म्हटलं, उखा, याला वेत दाखव. याची शिकवणी आजपासून तुझ्याकडे.

तुझी,
अरुणाताई